आईबाबांना घेऊन लेक मिशिगन सरोवराच्या काठी: उन्हाळा सरताना जाणाऱ्यांसाठी

"तळंच बघायचं तर आपला रंकाळा काय वाईट होता?" शिकागोहून गाडी निघाली तेव्हा आई म्हणाली होती. संध्याकाळी एम्पायर गावच्या किनाऱ्यावर ती उभी राहिली. डावीकडून उजवीकडे नजर फिरवून पलीकडचा काठ शोधला. तो दिसेना, तेव्हा चपला काढून हातात घेतल्या, घोटाभर पाण्यात गेली आणि वाकून दोन बोटं जिभेला लावली. "अगं, हे गोडं आहे!" पुढचे चार दिवस ती भेटेल त्याला हेच सांगत होती.

अमेरिकेतल्या या गोड्या पाण्याच्या सरोवराची, लेक मिशिगनची, लांबी सुमारे ४९० किलोमीटर, जास्तीत जास्त रुंदी १९० किलोमीटर आणि सर्वांत खोल जागी खोली २८१ मीटर. क्षेत्रफळ साधारण ५८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा जवळजवळ पाचवा हिस्सा. 'तळं' हा शब्द मनात ठेवून आलात की इथे फसगत होते. समुद्र समजून आलात तरी होते, कारण कोकणातल्या किनाऱ्यावर कामी येणारे अंदाज इथे लागू पडत नाहीत. आम्ही पहिल्या सहलीत दोन्ही चुका केल्या. दुसऱ्या वेळी आईबाबांसोबत त्याच किनाऱ्यावर चार दिवस निवांत काढता आले. मधल्या काळात जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते. भारतातून आईवडील आले आहेत, मुलांच्या शाळा सुरू व्हायच्या आहेत किंवा नुकत्याच झाल्या आहेत आणि तुम्ही पहिल्यांदाच निघाला आहात, असं धरून चालले आहे.

१. आधी तारखा ठरवा

ऑगस्टचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबरचा मध्य हा काळ सर्वांत चांगला. कारण साधं आहे. एवढं मोठं पाणी सावकाश तापतं आणि सावकाशच थंड होतं. जूनमध्ये हवा छान असते, पण पाण्यात पाय ठेववत नाही. ऑगस्टअखेरीस पृष्ठभागाचं पाणी वीस-बावीस अंश सेल्सिअसपर्यंत पोचतं.

लेबर डे, म्हणजे सप्टेंबरचा पहिला सोमवार, ही इथली सीमारेषा. त्या शनिवार-रविवार-सोमवारी जाऊ नका. खोल्या महाग असतात आणि गाडी लावायला जागा मिळत नाही. शिवाय सोमवारी सकाळी मिशिगन राज्याचे दोन भाग जोडणाऱ्या मॅकिनॉ पुलावर हजारो लोक चालत जातात, त्यासाठी पूल दुपारपर्यंत वाहनांना बंद असतो. लेबर डे झाला की मंगळवारपासून गर्दी एकदम ओसरते. आईवडिलांसोबत जायला तेच दिवस उत्तम. फक्त छोट्या गावांतली काही दुकानं तेव्हा आठवड्यातले मोजकेच दिवस उघडी असतात, तेवढं धरून चाला.

आणि गणपती. त्याची तारीख दरवर्षी पुढेमागे होते, कधी ऑगस्टअखेर, कधी सप्टेंबरच्या मध्याला. आपल्याकडे घरचा गणपती असेल तर तो कधी येतो आणि कधी जातो ते बघूनच बुकिंग करा. आम्ही दीड दिवसाचा गणपती उठवून दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो होतो. घर आवरणं, भांडी आणि गाडी भरणं एकाच रात्री आलं आणि आई पहिला दिवसभर गाडीत झोपून होती. मध्ये निदान एक दिवस मोकळा सोडा.

२. एकच किनारा निवडा

चार दिवसांत संपूर्ण लेकला फेरी मारायचा बेत बरेच जण करतात. नको. त्यात आईबाबांच्या वाट्याला महामार्ग आणि पेट्रोल पंपच येतात.

हाताशी एकच दिवस असेल तर शिकागोहून तासाभरावर इंडियाना ड्यून्स आहे (ड्यून्स म्हणजे वाळूच्या टेकड्या). २०१९ पासून ते नॅशनल पार्क आहे. ध्यानात ठेवायची गोष्ट अशी की त्याच भागात इंडियाना ड्यून्स स्टेट पार्कही आहे. नावं सारखी असली तरी प्रवेशशुल्क वेगळं. एकाचा पास दुसरीकडे चालत नाही.

तीन-चार दिवस असतील तर माझ्या मते स्लीपिंग बेअर ड्यून्सला तोड नाही. मिशिगन राज्याच्या वायव्य किनाऱ्यावर हा भाग आहे. १९७० साली त्याला राष्ट्रीय संरक्षण मिळालं. शिकागोहून पाच-साडेपाच तास लागतात, डेट्रॉइटहून चार-साडेचार. एम्पायर, ग्लेन आर्बर किंवा जरा मोठं ट्रॅव्हर्स सिटी यांपैकी एका ठिकाणी मुक्काम करा आणि तो हलवू नका. वाटलंच तर तिथून अडीच तासांवर मॅकिनॉ आहे.

लेक सुपिरियर या शेजारच्या सरोवरावरचे पिक्चर्ड रॉक्स नावाचे कडे अप्रतिम आहेत. पण तिथलं पाणी ऑगस्टमध्येही गारठवतं, कडे नीट बघायचे तर दोन-अडीच तास बोटीत बसावं लागतं आणि ज्यांना बोट लागते त्यांचे हाल होतात. पहिल्या सहलीत ते घेऊ नका.

३. जवळ ठेवायची कागदपत्रं

देशातल्या देशात फिरतोय, मग पासपोर्ट कशाला, असं आम्हाला वाटलं होतं. तो हवा. अठरा वर्षांवरच्या परदेशी नागरिकाने आपल्या नोंदणीचा पुरावा कायम जवळ बाळगावा असा अमेरिकेचा कायदा आहे, आणि उत्तर मिशिगन तर कॅनडाच्या सीमेलगत आहे. एका पिशवीत हे ठेवा:

- आईवडिलांचे मूळ पासपोर्ट, व्हिसाच्या पानासह
- आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीची, छापील प्रत (सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावरून काढता येते, फोनवरच्या प्रतीवर विसंबू नका, रेंज जाते)
- प्रवासी आरोग्य विम्याचं कार्ड आणि पॉलिसीचं पहिलं पान
- रोजच्या गोळ्यांची यादी, गोळ्यांच्या मूळ औषधी नावासकट. भारतातलं कंपनीचं नाव इथल्या डॉक्टरला कळत नाही
- गाडी भाड्याची असेल तर कराराची प्रत, आणि चालवणाऱ्या प्रत्येकाचं नाव त्यात आहे ना हे बघून घेतलेलं
- मुक्कामाच्या बुकिंगची छापील प्रत

यात एक मोठा धोका आहे. मॅकिनॉ पूल ओलांडून आय-७५ महामार्गाने उत्तरेला गेलात तर तो रस्ता सू सेंट मरी गावातून सरळ कॅनडाच्या पुलावर चढतो. पुलाआधीचा शेवटचा एक्झिट चुकला की गाडी कॅनडाच्या तपासणी नाक्यासमोर जाऊन उभी राहते. आईवडिलांकडे कॅनडाचा व्हिसा नसेल तर तिथून परत वळवतात, चौकशीत वेळ जातो आणि म्हाताऱ्या माणसांचा जीव उगाच टांगणीला लागतो. सू लॉक्स, म्हणजे जहाजं वरखाली करणारे पाण्याचे हौद, बघायला जरूर जा. हजार फुटी मालवाहू जहाज एकवीस फूट खाली किंवा वर जाताना हाताच्या अंतरावरून दिसतं आणि बघायला पैसे लागत नाहीत. पण शेजारी बसलेल्याला एक्झिटच्या पाट्या वाचायचं काम देऊनच जा.

४. पास आणि शुल्क

स्लीपिंग बेअरचा पास गाडीमागे २५ डॉलर, सात दिवस चालतो, आणि गाडीतले सगळे त्यात येतात. निघण्याआधी सध्याचा दर एकदा तपासून घ्या. खिशात कार्ड असू द्या.

आता हमखास चुकणारी गोष्ट. बासष्ट वर्षांवरच्यांना नॅशनल पार्कचा ज्येष्ठ नागरिक पास स्वस्तात मिळतो हे कुणीतरी सांगतं आणि आपण आईबाबांच्या नावावर तो घ्यायला जातो. तो फक्त अमेरिकेच्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना मिळतो. पाहुण्या आईवडिलांना नाही. वर्षाचा पास काढायचा असेल तर इथे राहणाऱ्याने, म्हणजे तुम्ही, स्वतःच्या नावावर आणि स्वतःचं ओळखपत्र दाखवून काढा.

मिशिगनच्या स्टेट पार्कांना वेगळा पास लागतो, त्याला रिक्रिएशन पासपोर्ट म्हणतात. नाव पासपोर्ट असलं तरी तो गाडीच्या नंबर प्लेटशी जोडलेला असतो. गाडी दुसऱ्या राज्याची असेल तर फाटकावर एका दिवसाचे पैसे भरता येतात.

५. सामान

कपड्यांचं मी सांगत नाही, एवढंच की ऑगस्टअखेरीस दुपारी तीस अंश आणि रात्री बारा अंश असं होऊ शकतं. आईसाठी शाल, बाबांसाठी कानटोपी आणि स्वेटर गाडीच्या डिकीत नको, हाताशी हवा.

पाण्यात घालायचे रबरी तळव्याचे बूट प्रत्येकाला घ्या. झेब्रा मसल नावाचे नखाएवढे शिंपले १९८० च्या दशकात जहाजांच्या पाण्यातून या सरोवरांत आले आणि आता खडकांना थराथराने चिकटलेले असतात. त्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. मधुमेह असलेल्या माणसाने इथे अनवाणी पाण्यात जाऊच नये.

लांब मोजेही घ्या, आणि ते थंडीसाठी नाहीत. वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहत असला की काठावर घरमाशीसारखी दिसणारी एक माशी येते, स्टेबल फ्लाय. ती घोट्यांना चावते, रक्त काढते आणि नेहमीच्या डासांच्या मलमाला दाद देत नाही. मोजे वर ओढणं हाच इलाज. माश्या फारच झाल्या तर त्या दिवशी किनारा सोडून रानातल्या वाटेवर जा.

घडीच्या खुर्च्या, सावलीला छत्री, माणशी दोन लिटर पाणी, टॉर्च आणि नकाशे आधीच उतरवून घेतलेला फोन. आईवडिलांना गुडघ्यांचा त्रास असेल तर मिशिगनच्या काही स्टेट पार्कांत वाळूवर चालणारी, रणगाड्यासारखे पट्टे असलेली खुर्ची मोफत वापरायला मिळते. आदल्या दिवशी फोन करून विचारा.

६. घड्याळ एक तास पुढे

शिकागो सेंट्रल वेळेवर, मिशिगनचा बहुतेक भाग ईस्टर्न वेळेवर. लेकला वळसा घालून तुम्ही मिशिगनच्या बाजूला आलात की तुमचा एक तास गेला. फोन आपोआप बदलतो, गाडीचं घड्याळ बदलेलच असं नाही, बाबांच्या मनगटावरचं तर नाहीच. आम्ही "चारला पोचलो, अजून तासभर आहे" या हिशोबात एम्पायरच्या माहिती केंद्राशी गाडी लावली, तेव्हा तिथे पाच वाजले होते आणि आतले दिवे मालवत होते. बोटीची वेळ, जेवणाचं बुकिंग, चेक-इन, सगळं ईस्टर्न वेळेत एका कागदावर लिहा आणि तो कागद डॅशबोर्डवर चिकटवा.

संध्याकाळी आतल्या रस्त्यांवर हरणं फार येतात. एक ओलांडून गेलं तर लगेच वेग वाढवू नका, मागे दुसरं असतं.

७. पाण्यात उतरण्याआधी

हा भाग घाईने वाचू नका. आईवडिलांनाही वाचून दाखवा.

माझे बाबा पंचगंगेत पोहायला शिकले. पुराच्या पाण्यात घाटावरून उडी मारणाऱ्या पोरांतले ते. आता वय अडुसष्ट, रक्तदाबाची गोळी चालू. पहिल्या दिवशी पाणी कोमट होतं, ते अर्धा तास मजेत डुंबले. रात्रभर उत्तरेचा वारा वाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आकाश तसंच निळं, ऊन तसंच. बाबा थेट कमरेपर्यंत आत गेले आणि तिथेच थांबले. हाक मारली तर उत्तर येईना. दोन्ही हात छातीशी, तोंड उघडं, श्वास आत जात होता पण बाहेर येत नव्हता. नवरा धावत गेला आणि धरून बाहेर आणलं. पाच मिनिटं टॉवेलमध्ये गुंडाळून बसवल्यावर त्यांना बोलता आलं.

याचं कारण नंतर कळलं. मिशिगनच्या किनाऱ्यावर उत्तरेचा वारा जोरात वाहिला की वरचं तापलेलं पाणी आत खोलाकडे ढकललं जातं आणि त्याची जागा घ्यायला तळाचं गार पाणी वर येतं. एका रात्रीत तापमान आठ-दहा अंशांनी उतरतं. वरून काहीच कळत नाही. म्हणून नियम असा करा: रोज पहिल्यांदा फक्त घोटे बुडवून दोन मिनिटं उभं राहायचं, मगच पुढे जायचं. काल कसं होतं याचा आजशी संबंध नाही.

आता झेंडे. हिरवा म्हणजे शांत पाणी, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे पाण्यात जाऊ नका, आणि दोन लाल झेंडे म्हणजे पाण्यात जायला मनाई. स्टेट पार्कमध्ये दोन लाल असताना उतरलात तर दंड होतो. हे झेंडे बघून सगळे सांभाळतायत असं वाटतं, पण मिशिगनच्या स्टेट पार्कांच्या किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतात. तुमच्या माणसांकडे लक्ष ठेवणारे तुम्हीच. आदल्या रात्री राष्ट्रीय हवामान सेवेच्या पानावर त्या किनाऱ्यासाठी 'बीच हॅझर्ड'ची सूचना आहे का ते बघा.

भरती-ओहोटी इथे जवळजवळ नाहीच, फरक पडतो तो काही सेंटिमीटरचा. कोकणात आपण भरतीचं वेळापत्रक बघून उतरतो; इथे वारा बघायचा. लाटा समुद्राएवढ्या उंच नसल्या तरी एकामागून एक फार लवकर येतात, तीन ते पाच सेकंदांत. पहिलीतून डोकं वर काढेपर्यंत दुसरी आलेली असते. त्यातून हे गोडं पाणी, खाऱ्या पाण्याइतकं अंग उचलून धरत नाही. गणपतीपुळ्याला किंवा तारकर्लीला आरामात तरंगणारा माणूस इथे लवकर दमतो.

वादळाच्या आधी आणि नंतर पाणी एका बाजूला चढून परत उसळू शकतं. त्याला सेश म्हणतात. २६ जून १९५४ रोजी शिकागोच्या मॉन्ट्रोज बंदराजवळ अशाच लाटेने धक्क्यावर मासे धरत बसलेले लोक ओढून नेले, आठ जण गेले. वादळ तोवर पुढे निघून गेलं होतं. विजा थांबल्या म्हणून लगेच धक्क्यावर जाऊ नका.

लाल दीपगृह टोकाला असलेले काँक्रीटचे लांब धक्के फोटोत फार सुंदर दिसतात. लाटा असताना त्यांच्यावर चालू नका आणि त्यांच्या कडेला कधीच पोहू नका. लाटा धक्क्यावर आपटून परततात तेव्हा धक्क्याला लागूनच एक प्रवाह आत खोलात जातो. त्याच्याविरुद्ध पोहून कुणी बाहेर येत नाही.

प्रवाहात सापडलंच तर: पाठीवर वळा. तरंगत राहा आणि श्वास जागेवर येऊ द्या. प्रवाह कुठे नेतोय ते बघा, मग त्याच्या आडव्या दिशेने पोहून त्यातून बाहेर पडा, तेव्हा काठाकडे वळा. दुसरं कुणी सापडलं तर स्वतः उडी टाकू नका. आधी ९११ लावा आणि तरंगणारं काहीही फेका: चेंडू, रिकामा कूलर, हवेची गादी. बुडणाऱ्याला वाचवायला गेलेला माणूस बुडाल्याच्या बातम्या या किनाऱ्यांवरून दर उन्हाळ्यात येतात.

हे सगळं वाचून पाण्यात जाऊच नये असं वाटलं असेल तर प्लॅट नदीच्या मुखाशी जा. स्लीपिंग बेअरच्या दक्षिण भागात ही उथळ, स्वच्छ नदी लेकला मिळते. पाणी लेकपेक्षा उबदार, बहुतेक ठिकाणी गुडघा-मांडीएवढं, आणि तळाची वाळू दिसते. आई साडीचा ओचा खोचून इथे तासभर बसली होती, पायावरून पाणी जात होतं, नातवंडं ट्यूबवर बसून तिच्यासमोरून वाहत जात होती आणि काठाने पळत परत येत होती.

८. वाळूचे डोंगर

हिमयुगातल्या हिमनद्यांनी आणून टाकलेली वाळू वाऱ्याने उचलून हे डोंगर झाले. इथले मूळ रहिवासी अनिशिनाबे लोक याची गोष्ट सांगतात. पलीकडच्या काठावर वणवा लागला म्हणून एक अस्वलीण दोन पिल्लांना घेऊन पाण्यात उतरली. ती या काठाला लागली, पिल्लं मागे राहिली आणि बुडाली. ती त्यांची वाट बघत इथेच पडून राहिली. ती म्हणजे हा डोंगर, आणि पिल्लं म्हणजे समोर दिसणारी उत्तर आणि दक्षिण मॅनिटू बेटं. आईला ही गोष्ट कड्यावर बसून सांगितली तर ती बराच वेळ बेटांकडे बघत राहिली. मुक्कामावर न सांगता तिथे सांगा.

गाडीने बघायचा मार्ग म्हणजे पिअर्स स्टॉकिंग ड्राइव्ह. सव्वासात मैलांहून थोडा जास्त, एकेरी फेरा. थांबत थांबत दोन तास धरा. नऊ क्रमांकाचा थांबा सगळ्यांना बघायचा असतो, कारण तिथून पाणी सुमारे ४५० फूट खाली दिसतं, आणि वाळूचा उतार थेट पाण्यात जातो. खाली उतरायला पाच-दहा मिनिटं लागतात. वर यायला धडधाकट माणसालाही तास-दोन तास लागू शकतात, वाळू पायाखालून सरकते, दोन पावलं वर आणि दीड खाली. तिथे मोठी पाटी आहे, तीवर सुटकेचा खर्च तुमच्याकडून वसूल होऊ शकतो असं लिहिलेलं आहे. साठीच्या माणसांनी उतरू नये. दहा पावलं "नुसतं बघून येतो" म्हणूनही नाही. वर लाकडी सज्जा आहे, तिथून दिसतं तेच खरं देखणं आहे.

चढायची हौस असेल तर ड्यून क्लाइम्बला जा. तिथे आम्ही आणखी एक चूक केली. पायथ्याशी उभं राहून वाटतं की हा एक डोंगर चढला की पलीकडे लेक. चढल्यावर पुढे आणखी वाळू दिसते, मग आणखी एक चढ. पाणी दिसत नाही. लेकपर्यंत जाऊन परत येणं साडेतीन मैलांचं आहे, वाळूतून तीन-चार तास, सावली नाही. आम्ही चौघांत एक बाटली घेऊन "पुढच्या टेकाडापलीकडे असेल" म्हणत निम्म्यापर्यंत गेलो. माझ्या धाकट्याला उन्हाने उलट्या झाल्या. पहिला चढ चढा, माथ्यावर बसा, मागे वळून ग्लेन लेकचं निळं पाणी बघा आणि उतरा. तेवढ्यात सगळी मजा आहे. सकाळी दहाच्या आत जा, दुपारी वाळू भाजते.

९. किनाऱ्यावरून काय उचलावं

पेटोस्की दगड मुलांना वेड लावतो. करड्या गोट्यावर षटकोनी नक्षी, प्रत्येक षटकोनाच्या मध्ये काळा ठिपका आणि भोवती किरणं. ३५ कोटींहून जास्त वर्षांपूर्वी इथे उथळ, उबदार खारा समुद्र होता, त्यातल्या प्रवाळाचा हा जीवाश्म. मिशिगनने १९६५ मध्ये त्याला राज्याचा दगड म्हणून जाहीर केलं. कोरडा असताना साधा गोटा दिसतो, ओला झाला की नक्षी उमटते, म्हणून शोधायचा तो लाटेच्या रेषेवर. बाबांना ही युक्ती आधी सापडली. ते हातातल्या बाटलीतलं पाणी एकेका गोट्यावर शिंपडत चालले होते, देवघरातल्या शाळिग्रामाला घालावं तसं.

पण उचलायचा कुठून? स्लीपिंग बेअरच्या हद्दीतून एकही दगड न्यायला बंदी आहे. शोधा, बघा, फोटो काढा, परत ठेवा. राज्याच्या किनाऱ्यांवरून माणशी वर्षाला २५ पौंडांपर्यंत घरगुती संग्रहासाठी नेता येतात. मुलांना हे किनाऱ्यावर पोचण्याआधी सांगा, खिसे भरल्यावर रडारड होते.

किनाऱ्यावर मेलेला पक्षी किंवा मासा दिसला तर हात लावू नका. उन्हाळा सरताना बोट्युलिझमच्या विषाने इथे पक्षी मरतात. तीन-तीन पानांचे झुबके असलेलं पॉयझन आयव्ही वाळूच्या टेकड्यांच्या कडेला भरपूर असतं. त्याच्या स्पर्शाने अंगावर फोड येतात, म्हणून वाट सोडू नका.

आणि एक कळकळीची विनंती. "एवढं मोठं पाणी आहे, गणपती इथेच विसर्जित करू" असा विचार मनात येतो. करू नका. निर्माल्य, नारळ, मूर्ती यांतलं काहीही इथल्या पाण्यात टाकायला परवानगी नाही. शाडूची मूर्ती घरी बादलीत विसर्जित करा आणि ती माती बागेत घाला.

१०. जेवण

शाकाहारी माणसांसाठी छोट्या गावांत पिझ्झा, सॅलड आणि बटाट्याचे काप यापलीकडे फारसं काही नसतं. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं आणि मेतकूट बरोबर असेल तर दुपारचा प्रश्न सुटतो. या दिवसांत रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर पीच, पहिली सफरचंदं आणि गोड मका मिळतो. बऱ्याच टपऱ्यांवर विकणारं कुणी नसतं, डबा ठेवलेला असतो, त्यात पैसे टाकायचे. त्यासाठी सुट्ट्या नोटा ठेवा. पार्कातल्या शेगडीवर मका भाजून तिखट-मीठ-लिंबू लावून दिला की आई कुठल्याही रेस्तराँचं नाव घेत नाही. मासे खाणाऱ्यांनी लीलँडच्या जुन्या कोळीवाड्यात, फिशटाउनमध्ये, धुरावलेला व्हाइटफिश खाऊन बघावा. काट्यांसाठी सावध राहा.

११. मॅकिनॉ बेट, एका दिवसात

स्पेलिंगवर जाऊ नका, उच्चार मॅकिनॉ असाच. १८९८ पासून बेटावर मोटारींना बंदी आहे. घोडे, सायकली आणि पाय. मॅकिनॉ सिटी किंवा सेंट इग्नेसहून बोट घ्या, वीसेक मिनिटांत पोचते. बेटाभोवतीचा रस्ता सव्वाआठ मैलांचा, सपाट, पाण्याला लागून. तरुणांनी सायकल घ्यावी, आईबाबांनी घोडागाडी. सायकल जास्त वेळ चालवणार असाल तर घोडागाडीच्या थांब्यावर भेटायची वेळ ठरवून ठेवा. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ उतरल्या उतरल्या पाटीवरून लिहून घ्या; लेबर डेनंतर फेऱ्या कमी होतात.

१२. सूर्यास्त

मिशिगनच्या बाजूला राहायचं मुख्य कारण हेच, इथे सूर्य पाण्यात बुडतो. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात साडेआठच्या थोडं आधी, सप्टेंबरच्या दहा तारखेच्या सुमारास आठच्या आसपास. जेवण आधी उरका आणि अर्धा तास आधी जागा धरा. एम्पायरच्या किनाऱ्यावर गाडी पाण्याच्या अगदी जवळ लावता येते, ज्यांना चालवत नाही त्यांना खुर्ची टाकून तिथेच बसता येतं. कोरड्या वाळूवरून पाय घासत चाललात तर काही ठिकाणी ती चक्क कुईकुई वाजते. नातवंडांना सांगू नका, आजोबांना पहिल्यांदा चालू द्या.

सूर्य बुडाला की लोक उठून गाड्यांकडे जातात. तुम्ही बसा. खरा रंग त्यानंतर वीस मिनिटांनी चढतो, आणि आकाश निरभ्र असेल तर दीड-दोन तासांनी आकाशगंगा दिसते. गारवा मात्र लगेच उतरतो, म्हणून शाल आणि थर्मासमधला चहा खुर्चीपाशीच ठेवा. टॉर्च बाबांच्या हातात द्या.